ठाणे–नवी मुंबईकरांसाठी शास्त्रीय संगीत, नृत्य आणि ऑपेरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ, पनवेल या पट्ट्यात राहणाऱ्या आणि मैफलीला जावं असं मनात असूनही पाऊल न उचललेल्या रसिकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. नेहमी जाणाऱ्यांनाही काही उत्तरं उपयोगी पडतील.

मला रागातलं काही कळत नाही. मैफलीत बसून कंटाळा येईल का?

येऊ शकतो, पण बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं. माणूस अर्धा तास उशिरा पोचतो, मधल्याच कुठल्या तरी ताना (जलद स्वरांच्या लडी) कानावर पडतात, आणि हे सगळं कशातून उभं राहिलं ते कळायला वाव राहत नाही. ख्यालगायनात (राग फुलवत गाण्याची हिंदुस्थानी पद्धत) पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत गायक रागाचे स्वर एकेक करून समोर ठेवतो. ते ऐकलेलं असेल तर पुढचं सगळं ओळखीचं वाटतं. म्हणून नवख्या श्रोत्याला आमचं पहिलं सांगणं हेच: काहीही वाचून जाऊ नका, पण पडदा उघडण्याआधी खुर्चीत बसलेले असा. रागाचं नाव कळलं नाही तरी बिघडत नाही. कलाकार बहुधा सुरुवातीला सांगतात, नाही सांगितलं तर मध्यंतरात शेजारच्याला विचारा. मैफलीतले जुने श्रोते अशा प्रश्नाची वाटच पाहत असतात.

घराजवळ काय आहे? सगळ्यासाठी नरिमन पॉइंट गाठावा लागतो का?

हिंदुस्थानी संगीत, नाट्यसंगीत, कथक आणि भरतनाट्यम यांसाठी अजिबात नाही. ठाण्यात मासुंदा तलावाकाठी राम गणेश गडकरी रंगायतन आहे, ते स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. घोडबंदर रस्त्याच्या बाजूला हिरानंदानी मेडोजमध्ये डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आहे. तिथे मोठ्या सभागृहाशिवाय एक छोटं सभागृहही आहे, आणि गायनासाठी ते छोटंच जास्त चांगलं. घंटाळीच्या सहयोग मंदिरातही लहान मैफली होतात. वाशीत विष्णुदास भावे नाट्यगृह, पनवेलला वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह. मुलुंडचं कालिदास नाट्यगृह ठाणेकरांना एका स्टेशनावर. डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले कलामंदिर आणि कल्याणचं आचार्य अत्रे रंगमंदिर उलट दिशेला असल्यामुळे सुटीच्या दिवशी फार सोयीचं पडतं.

सिंफनी आणि ऑपेरासाठी मात्र दक्षिण मुंबईला पर्याय नाही. त्याबद्दल पुढे.

घाणेकरला जाताना एक लक्षात ठेवा. कापूरबावडी ते मानपाडा हा टप्पा संध्याकाळी फार वेळ खातो. स्टेशनहून निघणार असाल तर तासभर हाताशी ठेवा.

कार्यक्रम वर्षात कधी जास्त असतात?

दिवाळी ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. दिवाळी पहाट इथे घरोघरी ठाऊक आहेच. त्यात बराचसा भाग भावगीतं आणि नाट्यपदांचा असतो, पण एखाद्या पहाटेला पूर्ण शास्त्रीय गायन ठेवलेलं असतं, तेवढं शोधून काढा. ठाणे महापालिका संगीतभूषण पं. राम मराठे यांच्या स्मरणार्थ समारोह भरवते. राम मराठे (१९२४–१९८९) ठाण्याचेच. ख्याल आणि संगीत रंगभूमी दोन्हीवर सारखीच हुकमत असलेले गायक. त्यामुळे या समारोहाला ठाणेकर घरच्या कार्यासारखे येतात आणि श्रोत्यांत जाणकारांचं प्रमाण मोठं असतं. नवख्याने ऐकायला शिकावं अशी ती जागा आहे.

दुसरा काळ आषाढातल्या गुरुपौर्णिमेच्या आगेमागे. गायन-वादन-नृत्याचे वर्ग तेव्हा शिष्यांचे कार्यक्रम ठेवतात. सकाळपासून दहा-पंधरा मिनिटांचे विद्यार्थी गातात आणि शेवटी गुरू स्वतः बसतात. बाहेरच्यांना बहुतेक ठिकाणी मज्जाव नसतो. मल्हार या पावसाळी रागाचे प्रकार ऐकायचे तर हेच दिवस.

तिकीट कुठे मिळतं? आणि 'विनामूल्य प्रवेश' लिहिलेलं असेल तर सरळ आत जाता येतं का?

ऑनलाइन बुकिंग असतं, शिवाय नाट्यगृहाची खिडकी. खिडकी बहुधा सकाळी आणि संध्याकाळी उघडी असते, दुपारी बंद. जेवणाच्या सुटीत धावत जाणाऱ्यांची फेरी फुकट जाते.

'विनामूल्य' या शब्दाचे दोन अर्थ असतात. 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' असेल तर रांगेत उभं राहायचं, मोठ्या नावाला किमान पाऊण तास आधी. 'विनामूल्य प्रवेशिका' असेल तर ती आधीच ठरलेल्या ठिकाणाहून आणावी लागते, दारावर मिळत नाही. दोन्ही प्रकारांत 'काही जागा राखीव' ही ओळ असते आणि पुढच्या चार-पाच रांगा त्यातच जातात. कार्यक्रम सुरू झाल्यावर राखीव रांगांत रिकाम्या दिसणाऱ्या खुर्च्यांकडे धावू नका. पहिली चीज (एक गाणं) संपेपर्यंत थांबा आणि मग स्वयंसेवकाला विचारा, ते बसवतात.

ख्यालाची मैफल कशा क्रमाने पुढे जाते?

आधी थोडा आलाप, म्हणजे रागाचे स्वर संथपणे उलगडणं, तालाशिवाय. मग बडा ख्याल, म्हणजे विलंबित (संथ) लयीतली बंदिश (तालात बांधलेलं पद). ताल बहुधा एकताल (१२ मात्रा), कधी तिलवाडा (१६) किंवा झुमरा (१४). हा भाग अर्ध्या तासापासून पाऊण तासापर्यंत चालतो आणि मैफलीचा कणा तोच. बंदिशीची स्थायी (पहिला भाग) मांडून झाली की गायक मंद्र (खालच्या) सप्तकाकडून वर सरकत जातो. एका स्वराभोवती फिरतो, पुढचा स्वर हळूच दाखवतो, परत येतो. तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, पोचतो तेव्हा सभागृहात एक हालचाल होते, ती ओळखायला शिका. त्या षड्जासाठी पंचवीस मिनिटं वाट पाहायला लावलेली असते. उशिरा आलेल्याला त्या जागी फक्त एक उंच सूर ऐकू येतो. मग अंतरा (बंदिशीचा दुसरा भाग), बंदिशीच्या शब्दांतून केलेले बोलआलाप आणि बोलताना, मग ताना. त्यानंतर छोटा ख्याल, द्रुत (जलद) तीनताल किंवा एकताल, दहा-पंधरा मिनिटं. मध्यंतरानंतर एखादा लहान राग, मग ठुमरी, नाट्यपद किंवा अभंग आणि शेवटी भैरवी.

घराण्यागणिक हा क्रम हलतो. किराणा गायकीत आलापीचा संथ विस्तार ऐकायला मिळतो. जयपूर-अत्रौली गायकीत लय मध्यम असते, तानांची वीण गुंतागुंतीची आणि राग बऱ्याचदा जोडराग (दोन राग मिळून झालेला), त्यामुळे अगदी पहिल्या दिवशी ती थोडी अवघड जाते. ग्वाल्हेर गायकीत बंदिश ठसठशीत आणि अंग सगळी येतात, म्हणून सुरुवातीला आम्ही तीच सुचवतो. आग्रा गायकीत नोमतोम (अर्थहीन अक्षरांवरचा आलाप) आणि लयकारी (लयीशी खेळ). एवढं पुरे. पाच-सहा मैफली झाल्यावर कान आपोआप निवड करायला लागतो.

'सम' कशी ओळखायची? सगळे एकदम मान डोलावतात आणि मला कळतच नाही.

तीनतालापासून सुरू करा. बोल असे:

धा धिं धिं धा | धा धिं धिं धा | धा तिं तिं ता | ता धिं धिं धा

पहिल्या 'धा'वर सम, म्हणजे आवर्तनाची (तालाच्या एका फेरीची) पहिली मात्रा. आता गाण्याकडे थोडं दुर्लक्ष करून फक्त डाव्या हाताच्या डग्ग्याकडे कान द्या. धा आणि धिं यांत त्याची घुमक असते, तिं आणि ता यांत नसते. म्हणजे दहाव्या मात्रेला घुमक थांबते, चार मात्रा तबला कोरडा वाजतो आणि चौदाव्या मात्रेला घुमक परत येते. ती परत आली की तीन मात्रा मोजा: चौदा, पंधरा, सोळा. पुढची सम. दोन-चार आवर्तनं चुकेल, मग लागेल.

विलंबित एकताल अवघड, कारण एक आवर्तन मिनिटभराचंही असू शकतं. तिथे मोजत बसू नका, खूण धरा. बोल: धिं, धिं, धागे, तिरकिट, तू, ना, क, त्ता, धागे, तिरकिट, धी, ना. यात 'तिरकिट' दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. दुसऱ्या तिरकिटानंतर दोनच मात्रा उरतात. त्याच सुमारास गायक बंदिशीचा मुखडा (सुरुवातीचे शब्द) उचलतो आणि मुखड्यातलं एक ठरावीक अक्षर समेवर आदळतं. मुखड्याचे शब्द पहिल्याच आवर्तनात लक्षात ठेवले तर पुढे तबला न ऐकताही सम सापडते.

मांडीवर हलकेच टाळी दिली तर चालते. पायाने खुर्चीवर ठेका धरू नका. सलग जोडलेल्या खुर्च्यांत तो अख्ख्या रांगेला जाणवतो.

सुरुवातीला आणि मधेमधे वाद्यं लावण्यात इतका वेळ का जातो?

तानपुऱ्याच्या चार तारा असतात. पहिली पंचमात, मधल्या दोन षड्जात आणि शेवटची खर्ज षड्जात (खालच्या 'सा'त). रागात पंचम नसेल तर पहिली तार मध्यमात लावतात (मालकंस), मारवा-पूरियासारख्या रागांत निषादात. त्यामुळे राग बदलला की तानपुराही बदलतो. खुंटीने मोठा फरक करायचा, तारेवरच्या मण्याने बारीक, आणि घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याने जवारी (तारेचा झणकार) उघडायची. दोरा केसभर हलला तरी नाद बंद होतो.

तबल्याचं कातडं हवेतली दमट-कोरड ओढून घेतं. बाहेरच्या दमट हवेतून वातानुकूलित रंगमंचावर आलेला तबला पंधरा मिनिटांत सुरातून सरकतो. वादक हातोडीने पुडीच्या गजऱ्यावर टकटक करतो तो बारीक फरकासाठी, आणि गठ्ठे (वादीखालचे लाकडी ठोकळे) खाली ठोकतो तो मोठ्या फरकासाठी. दुसरं असं की एका संध्याकाळी आधी गायिका आणि मग गायक असतील तर पट्टी (गाण्याचा आधारस्वर) बदलते, हार्मोनियमच्या काळी चारवरून काळी एकवर, म्हणून तबलाही दुसरा घ्यावा लागतो आणि ध्वनियंत्रणाही नव्याने लावावी लागते. दोन कलाकारांमधली पंधरा-वीस मिनिटं यात जातात. चहाला तेव्हा जा, गाणं चालू असताना नको.

दाद कधी द्यायची?

आलाप चालू असताना टाळ्या नकोत. एखादी सुरांची जागा मनाला भिडली तर 'वा' किंवा 'क्या बात है' हलक्या आवाजात, कलाकाराचा श्वास तुटणार नाही असं. तान घेऊन समेवर आल्यावर, किंवा तबलजीच्या छोट्या एकल वादनानंतर टाळ्या चालतात. पूर्ण टाळ्या चीज संपल्यावर. तार षड्ज लागला की लगेच कडकडाट करण्याची सवय अलीकडे वाढली आहे. ती आम्हाला खटकते, कारण तो सूर टिकवून ऐकवण्यासाठी लावलेला असतो आणि नेमका तोच बुडतो.

कुठल्या रांगेत बसावं?

गाण्यासाठी: मध्यभागी, साधारण सहावी ते बारावी रांग. ध्वनियंत्रणेचं टेबल जिथे असतं त्याच्या आसपास, कारण तंत्रज्ञ आवाजाचा समतोल त्याच्या कानाला धरूनच लावतो. अगदी पुढे कडेला बसलात तर एकाच स्पीकरचा मारा होतो आणि डग्गा गायकावर चढतो. बाल्कनीच्या छताखालच्या शेवटच्या रांगांत आवाज दबका येतो. आपली नाट्यगृहं मुळात नाटकांसाठी बांधलेली आहेत, म्हणून हा फरक जास्त जाणवतो.

नृत्यासाठी हिशेब उलटा. पुढच्या चार रांगांतून नर्तकीचे पाय नीट दिसत नाहीत आणि पदन्यासच हुकतो. मागे उंचीवर, किंवा बाल्कनीची पहिली रांग घ्या. अभिनयातले डोळ्यांचे भाव मात्र तिथून पुसट होतात. चष्मा विसरू नका.

बैठकीत चपला बाहेर, आणि कलाकाराकडे पाय पसरून बसायचं नाही. मांडी घालणं जमत नसेल तर आयोजकांना आधी सांगा, कडेला खुर्च्या ठेवतात.

तोडी, भैरव असे सकाळचे राग प्रत्यक्ष फार कमी ऐकायला मिळतात. असं का?

मैफली कामावरून सुटल्यावरच्या वेळेत होतात म्हणून. हिंदुस्थानी पद्धतीत रागांना प्रहर आहेत: भैरव पहाटेनंतर, तोडी सकाळी उशिरा, वृंदावनी सारंग दुपारी, भीमपलासी तिसऱ्या प्रहरी, मारवा-पूरिया सूर्यास्ताला, यमन रात्रीच्या पहिल्या प्रहरी, मालकंस आणि दरबारी उत्तररात्रीकडे. संध्याकाळी साडेसहाला सुरू होऊन साडेनऊला संपणाऱ्या कार्यक्रमात मारव्यापासून बागेश्रीपर्यंतचाच पट्टा बसतो.

उघड्या मैदानात दुसरी अडचण आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मुदत बारापर्यंत वाढवू शकतं. बंद सभागृहाला ही मर्यादा तशी लागू नाही, पण शेवटची लोकल सगळ्यांनाच गाठायची असते. रात्रभर चालणाऱ्या मैफली त्यामुळे संपल्यातच जमा आहेत. दरबारी ऐकायला मिळाला तर तो साडेनऊलाच, घाईत. म्हणून सकाळच्या सभा सोडू नका. रविवारी आठ-नऊला सुरू होणारी सभा आणि तोडीचा पूर्ण बडा ख्याल ही संधी संध्याकाळी कधीच मिळत नाही.

सतार-सरोदच्या मैफलीत वेगळं काय?

आधी आलाप, मग लय धरणारा जोड, मग 'झाला' हा जलद भाग. हे तिन्ही तबल्याशिवाय. त्यानंतर तबल्यासोबत विलंबित गत (वाद्यावरची बंदिश) आणि द्रुत गत. तबला वाजला नाही म्हणजे कार्यक्रम सुरू झाला नाही असं समजून गप्पा मारणारे पुष्कळ असतात. आलाप-जोड हा वादकाच्या विचाराचा सर्वांत मोकळा भाग आहे.

नवी मुंबईत कर्नाटक संगीत ऐकायला मिळतं का?

नेरूळ-वाशीत दाक्षिणात्य वस्ती मोठी असल्यामुळे मंदिरांत आणि संस्थांत, विशेषतः नवरात्रात, मिळतं. नियमित ऐकायचं तर हार्बरवर चेंबूरची फाइन आर्ट्स सोसायटी, आणि पुढे किंग्ज सर्कलजवळची षण्मुखानंद सभा.

कचेरीचा, म्हणजे कर्नाटक संगीताच्या मैफलीचा, वेग हिंदुस्थानी कानाला सुरुवातीला जलद वाटतो. एका रागावर तासभर न थांबता वर्णम (सुरुवातीची रचना), मग कृती (बांधीव गीतं), मधे एखादं मोठं रागम-तानम-पल्लवी (एकाच रागाचा मोठा विस्तार) आणि शेवटी मंगलम असा क्रम. हाताने ताल धरणं तिथे शिष्टाचारातच बसतं. आदि ताल आठ मात्रांचा: एक थाप, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, आणि त्यानंतर दोनदा थाप व पालथा हात. मुख्य कृतीनंतर मृदंगम आणि घटम किंवा कंजिरा या तालवाद्यांचं तनी आवर्तनम (एकल वादन) येतं. ते सुरू होताच उठून कॉफीला जाणारे दिसतील, त्यांचं अनुकरण करू नका. तालवादकांना संध्याकाळभरात मिळणारा स्वतःचा वेळ तोच असतो.

ओळखीच्या मुलीच्या अरंगेत्रमचं आमंत्रण आहे. तीन तास काय पाहायचं?

अरंगेत्रम म्हणजे भरतनाट्यमच्या शिष्येचा पहिला पूर्ण मंच-प्रयोग. क्रम ठरलेला: अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, जावळी, तिल्लाना. अलारिप्पूत शब्द नाहीत, फक्त मान, डोळे, खांदे, पाय एकेक करून जागे होतात. जतिस्वरमही शुद्ध नृत्त (अभिनयाशिवायचं नृत्य). खरा कस वर्णममध्ये. अर्धा ते पाऊण तास नृत्त आणि अभिनय आलटून पालटून येतात, मधे विश्रांती नाही. तिथे दोन गोष्टी पाहा. अरैमंडी, म्हणजे गुडघे बाजूला वाकवलेली अर्धी बैठक, पंचवीस मिनिटांनंतरही तितकीच खोल राहिली आहे का? आणि एकच ओळ गायिका पुन्हा पुन्हा गाते तेव्हा दर वेळी त्या ओळीचा नवा अर्थ हातांतून आणि चेहऱ्यातून दिसतो का?

रंगमंचाच्या एका बाजूला वाद्यवृंद बसलेला असतो. त्यात झांज वाजवत बोल म्हणणारी व्यक्ती म्हणजे नट्टुवनार, बहुधा गुरूच. त्यांची नजर शिष्येच्या पावलांवर खिळलेली असते. थोडाच वेळ येणं शक्य असेल तर भाषणं आणि सत्कार टाळून वर्णमच्या वेळी या. साधारणपणे ते सुरुवातीनंतर पाऊण ते एक तासाने येतं. गजरे-पुष्पगुच्छ कार्यक्रमानंतर द्या, वेशभूषा बदलायच्या मधल्या वेळात रंगमंचामागे जाऊ नका.

कथकमध्ये बोल म्हणून दाखवतात ते कशासाठी?

त्याला पढंत म्हणतात. नर्तक आधी तोंडाने बोल म्हणतो, मग तेच पायांतून काढतो. पढंत लक्ष देऊन ऐकलीत तर नाच वाचता येतो. बऱ्याच तुकड्यांच्या (छोट्या नृत्यरचनांच्या) शेवटी तिहाई असते: एकच वाक्य तीनदा, आणि तिसऱ्याचं शेवटचं अक्षर बरोबर समेवर. पार्श्वभूमीला हार्मोनियम किंवा सारंगीवर एकच सुरावट सतत फिरत असते, तो लेहरा किंवा नगमा. समेची जागा तोच दाखवतो. हरवलात तर पाय सोडून लेहऱ्याकडे कान न्या.

जयपूर घराण्यात पदन्यास आणि लयकारीवर भर, लखनौमध्ये नजाकत आणि भाव. प्रत्येक पायात शंभर किंवा त्याहून जास्त घुंगरू असतात. इतक्या घुंगरांतून एकाच घुंगराचा आवाज काढून दाखवतात तेव्हा सभागृह अगदी शांत असावं लागतं, म्हणून तेवढ्यात वेफर्सचं पाकीट उघडू नका.

पाश्चात्य वाद्यवृंद कुठे आणि कधी?

नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स). २००६ साली स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया तिथलाच. त्याचे मुख्य हंगाम फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सुमाराला असतात. तारखा आधी जाहीर होतात, स्वस्त जागा लवकर जातात. मोठे कार्यक्रम १९९९ साली उघडलेल्या जमशेद भाभा नाट्यगृहात होतात. टाटा थिएटर (१९८०) वास्तुविशारद फिलिप जॉन्सन आणि ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांनी उभं केलं. तिथे सतार किंवा तारवाद्यांचं चतुष्टय ऐकण्यासारखं सुख मुंबईत कमी ठिकाणी आहे.

कार्यक्रम साधारण दोन तासांचा. एक छोटी सुरुवातीची रचना, मग कंचेर्टो (एकल वादक आणि वाद्यवृंद, बहुधा तीन भाग), मध्यंतर, मग सिंफनी (बहुधा चार भाग). सुरुवातीला ओबो हे फुंकवाद्य एक सूर धरतं आणि सगळे त्याला मिळवून घेतात. दोन भागांच्या मधल्या शांततेत टाळ्या वाजवायच्या नाहीत. हातात मिळणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत भाग मोजून ठेवा, आणि शंका आली तर वाद्यवृंद-संचालकाचे हात पूर्ण खाली येईपर्यंत थांबा. 'वा' इथे शेवटी, उभं राहून. चालू संगीतात दाद देण्याची आपली सवय इथे आवरावी लागते, कारण सगळं ध्वनिक्षेपकाशिवाय चाललेलं असतं.

ऑपेरा मुंबईत बघायला मिळतो का? भाषा कळत नसेल तर?

पूर्ण नेपथ्यासह उभा केलेला ऑपेरा क्वचित होतो, म्हणून जाहीर झाला की लगेच तिकीट काढा. एरवी निवडक पदांच्या मैफली होतात, आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या प्रयोगांची पडद्यावरची प्रक्षेपणं एनसीपीएत दाखवली गेली आहेत. ती पहिल्या भेटीसाठी उत्तम, कारण चेहरे जवळून दिसतात. गिरगावचं रॉयल ऑपेरा हाऊस १९११ साली सुरू झालं, १९९३ ला बंद पडलं आणि दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. तिथली बैठकव्यवस्था पाहण्यासाठीसुद्धा एक कार्यक्रम गाठावा.

भाषा इटालियन, जर्मन किंवा फ्रेंच असते, पण रंगमंचावर इंग्रजी अनुवादाची पट्टी दाखवतात. कथानकाचा सारांश घरीच वाचून जा, म्हणजे नजर सतत पट्टीवर अडकत नाही. संगीत नाटक पाहिलेल्या मराठी माणसाला ऑपेरा परका वाटायचं कारण नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगमंचावर आणलं तेव्हापासून पदांतून कथा पुढे नेणं आपल्याला ठाऊक आहे. फरक दोन. आपल्याकडे पदाच्या मधे गद्य येतं, बहुतेक ऑपेरांत संवादही गाऊनच होतात. आणि आपला नट पद हवं तसं फुलवतो, वन्समोअर घेतो. तिथे गायक स्वरलिपीला बांधलेला असतो आणि त्याचा आवाज माइकशिवाय साठ-सत्तर वाद्यांवरून शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा लागतो. तो घुमारा सुरुवातीला कृत्रिम वाटतो, पण दहा मिनिटांत कान रुळतो.

पहिला ऑपेरा म्हणून पुच्चिनीचा 'ला बोहेम' (१८९६) घ्या. चार अंक, संगीत दोन तासांच्या आत, गोष्ट साधी. व्हेर्दीचा 'ला त्राव्हियाता' (१८५३) त्यानंतर. मोत्सार्टच्या 'मॅजिक फ्लूट'मध्ये (१७९१) मधे गद्य संवाद आहेत, त्यामुळे तो संगीत नाटकाच्या सर्वांत जवळचा. उशीर झाला तर मध्यंतरापर्यंत बाहेर थांबावं लागतं, तिथे विनवण्या चालत नाहीत.

दक्षिण मुंबईला जायचं-यायचं कसं?

ठाण्याहून सीएसएमटी जलद लोकलने पाऊण तास, धिम्याने तासाभरापेक्षा थोडं जास्त. वाशीहून हार्बरने साधारण पन्नास मिनिटं. सीएसएमटीहून एनसीपीएसाठी बेस्ट, शेअर टॅक्सी, किंवा मेट्रो-३ ने विधान भवन आणि तिथून चालत. रॉयल ऑपेरा हाऊससाठी दादरला बदलून पश्चिम रेल्वेची धिमी लोकल, चर्नी रोडला उतरा. सात वाजताच्या कार्यक्रमासाठी ठाण्याहून साडेचारची गाडी धरावी, पाचची नको.

रविवारच्या दुपारच्या प्रयोगांना मेगाब्लॉकचं बघा. मुख्य आणि हार्बर दोन्ही मार्गांवर साधारण अकरा ते चार गाड्या वळवलेल्या किंवा बंद असतात. वेळापत्रक आदल्या दिवशी जाहीर होतं. हार्बर बंद असेल तर वाशीकरांना ट्रान्सहार्बरने ठाणे आणि तिथून मुख्य मार्ग हा उपाय बहुतेक वेळा चालतो. वाशी-ठाणे अर्धा तास. परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा घरून निघतानाच टिपून ठेवा. भैरवी सोडून धावावं लागणार असेल तर द्रुत संपल्यावर, टाळ्यांच्या आवाजात उठा. जुलै-ऑगस्टमध्ये भरतीच्या दिवशी मोठा पाऊस असेल तर घराजवळचा कार्यक्रम निवडा.

मुलांना न्यावं का?

न्यावं, पण बड्या ख्यालाला नको. गुरुपौर्णिमेचे कार्यक्रम, कथक, तबल्याचं एकल वादन यांत ती रमतात. कडेची जागा घ्या, चीज संपली की बाहेर नेता येतं. काही सभागृहांत सहा वर्षांखालच्यांना प्रवेश नसतो, तिकिटावरची अट वाचा.

मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर चालेल का?

परवानगीशिवाय नाही. कलाकाराच्या गाण्यावर त्याचा हक्क असतो, आणि अंधारात उजळलेला पडदा मागच्या सगळ्यांच्या डोळ्यांत जातो. फोन थरथराटावरही ठेवू नका, खुर्चीच्या लाकडी हाताला लागून तो चांगलाच ऐकू येतो. विमान मोड लावा.

ऐकून ऐकून शिकावंसं वाटतंय. वय चाळीसच्या पुढे आहे.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू वाशीत सेक्टर ९-अ मध्ये आहे, आणि मंडळाच्या अभ्यासक्रमाचे वर्ग ठाणे-नवी मुंबईत जागोजागी आहेत. परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा चढत्या क्रमाने. परीक्षा द्यायचीच असं नाही. वर्ग निवडताना तिथे एक तास नुसतं बसून पाहा. गुरू प्रत्येकाकडून वेगळं म्हणवून घेतात की सगळ्यांकडून एकत्रच, तानपुरा लावायला शिकवतात की सगळं हार्मोनियमवर चालतं, हे त्या एका तासात दिसतं. पहिले सहा महिने यमन आणि भूप एवढंच शिकवणारा गुरू भेटला तर तो वर्ग सोडू नका.